पानी पुरलं का?

आमच्या घराण्यात हळू बोलणारे माणूस एकच होते. ते म्हणजे आमची आई. बाकी सगळ्यांचे आवाज असे, की भांडण झाले की काय म्हणून शेजारी डोकावून जात, आणि आत आम्ही भाजीत मीठ कमी पडले आहे, एवढेच एकमेकांना सांगत असू. थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याने संत्र्याच्या बागेत एक हाक दिली की पलीकडच्या बांधावरचे पोपट उडून जात. माझा आवाज त्याच्यापेक्षा थोडा लहान. पण तीस वर्षे पत्र्याच्या वर्गांत विज्ञान शिकवल्यामुळे मुरलेला. पत्र्यावर पावसाने ताशा धरला की प्रकाशाचे परावर्तनसुद्धा ओरडूनच शिकवावे लागते! शिवाय आमचे तिवसे वसलेले नागपूर-अमरावतीच्या हमरस्त्यावर. ट्रकांच्या भोंग्यांवरून आवाज चढवायचा, हे तिथल्या मुलाला बाळकडूतच मिळते.

पण आपला आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचतो तेव्हा त्याचे काय झालेले असते, हे मात्र मला वयाच्या साठीनंतर कळले. आणि तेही एका जुन्या यंत्राकडून.

गोष्ट २००७ सालच्या जानेवारीतली. वडील २००१ साली गेले आणि त्याच वर्षी आमच्या वाटण्या झाल्या. बागेचे दोन हिस्से पडले, विहीर सामाईक राहिली आणि पाण्याची पाळी एक दिवसाआड ठरली. माझा हिस्सा मी बटईने देऊन टाकला होता. दादा आपला हिस्सा स्वतः करी. बाग तिवशापासून पाच-सहा किलोमीटर, वर्धा नदीच्या अंगाला. आई माझ्याकडे असे, कारण डॉक्टर गावात होता. भारनियमनाचे ते दिवस होते. शेतीची लाईन बहुधा रात्री यायची. म्हणून दादा थंडीत बागेतच झोपे. तिथे टेलिफोनची तार नव्हती, आणि मोबाईलची रेंज त्या खोलगट भागात उतरत नव्हती. रानडुकरे होती, विंचूकाटा होता. आणि थोरल्याचा आवाज कानी पडल्याशिवाय आईला झोप नव्हती.

माझा मुलगा तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होता. आजीची ही तगमग पाहून त्याने कुठूनतरी एक जुनी जोडी पैदा केली. त्यांना सिटिझन बँडचे संच म्हणतात. वहीएवढे पेटाडे, त्याला गुंडाळीच्या वायरचा हातात धरायचा माईक. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. अमेरिकेत १९५८ साली सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा सामान्य नागरिकांसाठी मोकळा झाला; पुढे १९७३च्या तेलटंचाईत, पेट्रोल कुठे मिळते आणि पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगण्यासाठी तिथल्या ट्रकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. आपल्याकडे पाच वॅटपर्यंतच्या अशा संचांना परवान्यातून सूट मिळाली ती २००५ साली. मुलाने माझ्या गच्चीवर आणि दादाच्या झोपडीवर नऊ-नऊ फुटांच्या दांड्या उभ्या केल्या. या लहरीची लांबी अकरा मीटर, आणि दांडी तिच्या चौथ्या हिश्शाएवढी लागते. हे मला आपोआप समजले, आणि तीस वर्षे शिकवलेल्या तरंगलांबीचा आयुष्यात प्रथमच काहीतरी उपयोग झाला!

रोज रात्री नऊ वाजता दादा बोलू लागला. आधी आईशी, आणि मग, यंत्र माझ्या हाती आहे म्हणून, नाइलाजाने दोन शब्द माझ्याशी.

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे आंबिया बहाराचा ताण तोडायचा काळ. संत्र्याची गंमत अशी, की डिसेंबरात तिचे पाणी तोडायचे. झाड सुकते, पाने गाळते, आणि मग जानेवारीत पाणी मिळाले की अंगभर फुलते. पण ते पाणी साऱ्या बागेला एका दमात बसले पाहिजे. अर्धी बाग आज आणि अर्धी आठ दिवसांनी, असे झाले तर फुलोरा मागेपुढे येतो आणि माल विकताना बेपारी तोंड वाकडे करतो. त्या रात्री दादाची पाळी होती. आईचे बोलणे झाल्यावर मी माईक घेतला आणि विचारले, "दादा, पानी पुरलं का?"

पलीकडून उत्तर आले नाही. मला वाटले, लाईन गेली असेल.

त्यानंतर दादा नऊ वाजता आईशी बोले. मी माईक घेतला की त्याची बाजू बंद. संक्रांतीला तो तिळगुळाला आला नाही. वयनी आल्या. माझ्या हातावर वडी ठेवून त्या "गोड बोला" म्हणाल्या आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "भाऊजी, त्या राती त्याईनं मोटार बंद केली अन् अंधारात पायी घरी आले. जेवले बी नाई. म्हने, 'म्या का त्याचं पानी चोरून राह्यलो?' तुमी असं काऊन म्हनलं?"

"मी काय म्हटलं?"

"तुमीच तं म्हनलं, 'पानी पुरे कर'!"

मी थक्क झालो. मग रागावलो. मी असे बोललोच नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितले. तेही, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, हमरस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. दादाचा निरोप आला, "म्या आपल्या कानानं आयकलं." आता न्याय कोणी करायचा?

न्याय केला पुतण्याने. पोरगा हुशार. एके रात्री त्याने बागेत संचापाशी टेपरेकॉर्डर ठेवला आणि मला निरोप धाडला, "काका, नऊ वाजता तेच बोला." मी बोललो. दुसऱ्या दिवशी त्याने कॅसेट आणून लावली. आधी आईचे चार शब्द आले, आणि मग एकाएकी कोणीतरी रिकाम्या डब्यात तोंड घालून भुंकू लागले.

"हे कोण?" मी विचारले.

"काका, हा तुमचाच आवाज हाये."

आम्ही ती टेप सातवेळा ऐकली. 'पानी' स्पष्ट होते. पुढचे शब्द 'पुरलं का' होते, की 'पुरे कर' होते, हे ते शब्द ज्याने उच्चारले त्यालाही छातीठोकपणे सांगता येईना! बायको आतून म्हणाली, "यात नवं काय? आम्हाले तं घरात असाच आयकू येते." मी ते ऐकले नाही असे दाखवले.

यंत्र बिघडले आहे, हे कळल्यावर मला किती बरे वाटले म्हणून सांगू! भाऊ बिघडला की माणसाला उपाय सुचत नाही. यंत्र बिघडले की पेचकस शोधता येतो. पण या दुरुस्तीत एक अडचण होती. रेडिओ बिघडला तर आपण स्वतः ऐकून दुरुस्त करू शकतो. पाठवलेला आवाज बिघडला, तर तो आपल्याला ऐकूच येत नाही. आपण आपले बोलतो, काट्याचा हेलकावा पाहतो, आणि सारे ठीक आहे असे समजतो. दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसून 'आता फाटतो, आता नाही' असे सांगावे लागते. माझ्या दुसऱ्या टोकाला दादाशिवाय कोणीही नव्हते. मी पुतण्याबरोबर निरोप पाठवला, 'यंत्राची परीक्षा करायची आहे. रोज दहा मिनिटे ऐकून सांगावे.' दादा कबूल झाला. काम यंत्राचे होते. त्यात दोघांपैकी कोणाचीच हार नव्हती.

पहिल्या रात्री आम्ही माईक बदलून पाहिला. पुतण्याने तिकडचा इकडे आणला, इकडचा तिकडे नेला. माझा आवाज तसाच फाटत राहिला, आणि माझ्या माईकवरून दादाचा आवाज स्वच्छ आला. म्हणजे माईक निर्दोष सुटला. दुसऱ्या रात्री मी विजेकडे वळलो. माझा संच टेपरेकॉर्डरच्या जुन्या एलिमिनेटरवर चालत होता. मीटर लावून बटण दाबले, तो तेरा व्होल्टचे दहा झाले! ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला पुष्कळ; बोलायची वेळ आली की बिचारा धापा टाकत होता. मी ट्रॅक्टरची बॅटरी लावली. दादा म्हणाला, "घरघर गेली. फाटनं हाये." तिसऱ्या आणि चौथ्या रात्री एरियल. दांडी गच्चीत ऐन खोलीच्या डोक्यावर होती, आणि केबलच्या टोकाचा सांधा पावसाने हिरवा पडला होता. अशा वेळी बाहेर जायची लहर परत फिरून माईकच्या वायरीत शिरते. कानात आपलाच आवाज घुमत असताना बोलणाऱ्या माणसासारखी यंत्राची गत होते. संचाच्या पत्र्याला हात लावला की आवाज बदले, ही त्याची खूण. मी सांधा नव्याने सोल्डर केला, दांडी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली, केबलची चार वेटोळी करून ती बांधली. पत्र्याला हात लावून आवाज बदलणे थांबले. दादा म्हणाला, "फरक हाये. पन फाटते."

या परीक्षेत बोलायचे काय, हाही एक प्रश्नच होता. मी शिरस्त्याप्रमाणे 'एक, दोन, तीन' मोजू लागलो. दादा म्हणाला, "तीनच्या पुढं चारच येनार हाये, ते मले मशीन नसलं तरी समजते. मले माईत नाई ते बोल." आता दादाला माहीत नाही असे काय बोलावे? मी अमरावतीच्या बाजारातले संत्र्याचे भाव सांगितले. शाळेतल्या गमती सांगितल्या. आईच्या साखरेचा आकडा सांगितला. गेल्या सहा वर्षांत मिळून जेवढे बोललो नव्हतो तेवढे मी त्या पाच-सहा रात्रींत बोललो, आणि तो प्रत्येक वाक्य मन लावून ऐकत होता. कारण ते कुठे फाटते, ते त्याला सांगायचे होते!

सहाव्या रात्री माझ्या तोंडून एक वेगळेच वाक्य निघाले. त्यामागची हकिकत सांगितली पाहिजे. वडील गेले ते तिवशालाच, माझ्या घरी. आणि दादा पोचला तेव्हा सारे संपले होते. मी त्याला मुद्दाम उशिरा कळवले, असे त्याने तेराव्याला चारचौघांत बोलून दाखवले. खरी गोष्ट अशी होती, की मी आदल्या संध्याकाळीच माणूस पाठवायला निघालो होतो आणि वडिलांनी मला अडवले होते. "त्याची पाळी हाये. त्याचं पानी होऊ दे, मंग सांगा," असे ते म्हणाले होते. त्यांना वाटले, रात्र निघेल. मलाही तसेच वाटले. पण तेराव्याच्या दिवशी दादाचा आवाज चढला, मग माझाही चढला, आणि त्या गदारोळात हे एक वाक्य सांगायचे राहून गेले. पुढे ते सांगणे म्हणजे माघार घेणे आहे, असे वाटू लागले. तेच मी त्या रात्री यंत्रात बोललो. खरे सांगू? आवाज फाटतो आहे, हे ठाऊक होते म्हणूनच बोललो. सांगितल्याचे समाधान आणि ऐकले न गेल्याची खात्री, असा तो दुहेरी सौदा होता.

"काई समजलं नाई," दादा म्हणाला. "पुन्हा बोल."

मी संत्र्याचे भाव सांगितले.

सातव्या रात्री माझी सगळी विद्या संपली. आईचे बोलणे झाले, मी माईक घेतला, आणि दादा सहज म्हणाला, "माय बोलते तवा चांगलं आयकू येते. तू बोलला का फाटते. मशीनले मायचा आवाज चालते, तुयाच काऊन चालत नाई?"

मी कपाळावर हात मारून घेतला. विज्ञानाचा मास्तर सात रात्री गच्चीवर नाचत होता, आणि उत्तर पहिल्या दिवसापासून शेजारी घोंगडी पांघरून बसले होते! ते तर पहिल्या कॅसेटवरही होते. वीज कमी पडत असती किंवा लहर माईकमध्ये परत शिरत असती, तर आईच्या आवाजातही घरघर आली असती. ते दोष होतेच. पण फाटण्याचे मूळ त्यांत नव्हते. जो दोष मोठ्या आवाजाला बाधतो आणि लहानाला सोडतो, तो एकच: भार जास्त होणे.

आमच्या वऱ्हाडात हे समजायला पुस्तक लागत नाही. कापसाची गाडी डोळ्यांपुढे आणा. संचातून निघणारी वाहक लहर म्हणजे ती गाडी, आणि आपला आवाज म्हणजे तीत भरलेला कापूस. आवाजाबरोबर लहरीची उंची कमीजास्त होते. तिला मर्यादा असते: वर दुप्पट, खाली शून्य. त्यापेक्षा अधिक लादले, की शून्याच्या खाली लहर जाणार कुठे? ती तिथे कापली जाते. गाडी भरताना भली मोठी दिसते. पण बाजारात पोचेपर्यंत अर्धा कापूस वाटेतल्या बाभळींना लागलेला असतो. आणि तो सांडलेला कापूस शेजारच्याच्या शेतात जातो, म्हणजे शेजारच्या चॅनेलवर बोलणाऱ्यांनाही उपद्रव होतो.

मी संच उघडला. आत एका बारीक पेचावर कारखान्यात लावलेल्या रंगाचा ठिपका असतो. तो तुटलेला होता. पहिल्या मालकाने, आपला आवाज दूर जावा म्हणून, तो पेच शेवटपर्यंत पिळून ठेवला होता. त्यात माझी मास्तरकी, आणि माईक ओठांना टेकवून बोलण्याची सवय! मी पेच थोडा-थोडा मागे फिरवीत गेलो आणि दादा पलीकडून सांगत गेला, "अजून... अजून... आता बरं हाये." मग मी माईक चार बोटे दूर धरला आणि आईशी बोलावे तसे बोललो,

"दादा, पानी पुरलं का?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग उत्तर आले, "पुरलं." आणि जरा थांबून, "काल तू बाबाचं काई तरी सांगत होता. काय सांगत होता?"

म्हणजे तेवढा शब्द गेला होता. आई माझ्याकडे पाहत होती. मी हळू आवाजात, न थांबता, सारे सांगितले. वडिलांचे शब्द होते तसेच सांगितले. बोलून बटण सोडले.

या संचांची एक खूण आहे. समोरचा बटण दाबतो, तेव्हा तो एक अक्षर बोलला नाही तरी आपल्याकडची खरखर एकदम शमते. कारण त्याची रिकामी लहर येऊन पोचलेली असते. त्या रात्री तसेच झाले. खरखर थांबली. दादाने बटण दाबले होते, आणि शब्द येत नव्हता. किती वेळ, ते मी मोजले नाही. आई म्हणाली, "आहे ना रे तो?" मी म्हटले, "आहे." मग खरखर पुन्हा सुरू झाली. त्या रात्री आम्ही अधिक बोललो नाही.

वाटण्या काही मोडल्या नाहीत. त्या वर्षीचा दादाचा फुलोराही मागेपुढेच आला आणि मालाला भाव कमी पडला. त्याची भरपाई मला करता आली नाही. पण त्या वर्षी दिवाळीच्या आधी, गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला आम्ही दोघे आईला घेऊन बरोबर गेलो. महाराज १९६८ साली गेले. ज्या वेळी गेले त्या वेळी, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, दरवर्षी तिथे मौन पाळतात. खंजिरी, भजने, भोंगे, पाळण्यांचा कलकलाट, आणि एकाएकी तो सारा अफाट समुदाय स्तब्ध उभा राहतो. मी दादाकडे पाहिले. त्यानेही माझ्याकडे पाहिले. बटण दाबलेले असल्याची खात्री मला त्या शांततेत पुन्हा एकदा पटली.

पुढे मोबाईलचा मनोरा झाला आणि संच माळ्यावर गेले. आई २०१४ साली गेली. परवा दिवाळीची साफसफाई करताना ती जोडी पुन्हा हाती आली. फडक्याने पुसली आणि दादाला फोन लावला. त्याला अलीकडे कमी ऐकू येते; म्हणून मी आमच्या घराण्याच्या मूळ आवाजात ओरडलो, "दादा, ते संच सापडले!"

तो म्हणाला, "वरडू नको, फाटते. बागेत ये, अन् जवळ बसून सांग."

लक्ष्मीपूजन झाले की निघणार आहे.